हुकाचं वजन धरून

५ फेब्रुवारी
वारा: उत्तरेचा, मंद. (अंदाजाने. आकडा दाखवणारा डबा वर क्रेनच्या केबिनमध्ये आहे आणि मी खाली आहे.)

आज मला क्रेनवर चढू दिलं नाही. नवे सेफ्टीसाहेब शिडीच्या पायथ्याशी वजनकाटा मांडून उभे होते आणि एकेकाला त्यावर चढवत होते. माझा आकडा एकशे सहा आला. सेफ्टी बेल्टवर शंभर किलो लिहिलेलं आहे, तेही बूट, कपडे, रेडिओ सगळं धरून. म्हणजे माझ्या वाट्याला पंच्याण्णव. थोडक्यात, मी स्वतःहून अकरा किलो जास्तीचा आहे. एकवीस वर्षं मी क्रेन चालवतोय, एकाही बेल्टने तक्रार केली नाही, पण साहेबांच्या कागदाला ते सांगून काय उपयोग.

मला सामानाच्या कोठीवर बसवलंय. ऑगस्टअखेर क्रेनची उंची वाढवणार, वरचे मजले सुरू होणार, आणि त्या दिवशी जो वर असेल तोच काम संपेपर्यंत कायमचा ऑपरेटर. साहेब म्हणाले, तोवर पंच्याण्णव करून दाखवा, केबिन तुमची. नाहीतर कोठी आहेच. माझ्या जागी आज एक नवा माणूस चढला. इतका बारीक की मी मनातल्या मनात त्याचं नाव काडी ठेवलं.

घरी हिला सांगितलं. ही भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली. मग पिशवी घेऊन बाहेर गेली आणि माझ्या आवडीचे मासे घेऊन आली, तळून वाढले. दुःखात माणसाला पोटभर जेवू घालावं, हे हिच्याकडून शिकावं.

८ फेब्रुवारी

कोठीला खिडकी एकच, आणि तिच्यातून दिसतो तो सिमेंटचा ढीग. वरून काय काय दिसायचं ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरून जाईन. शाळेचं मैदान. पाण्याच्या टाक्या, त्यांच्या झाकणांवर ठेवलेले दगड. नदीचं वळण, सकाळी चकाकणारं. आणि आमच्या इमारतीची गच्ची. या साइटवर हे तिसरं वर्ष, आणि घर दिसणारी ही माझी पहिलीच साइट.

संध्याकाळी काम थांबलं की क्रेनचा ब्रेक मोकळा सोडायचा असतो. मग तिचा तो लांब आडवा हात वारा नेईल तिकडे फिरतो. धरून ठेवला तर वादळात अख्खी क्रेन उलथायची. मी ब्रेक सोडायचो आणि शिडीकडे वळण्याआधी गच्चीकडे एकदा बघायचो. तिथे हिचा निळा ठिपका दोरीवरचे कपडे काढायला लागलेला असायचा. मी लवकर सुटलो तर ही लवकर, मला उशीर झाला तर हिलाही उशीर. चोवीस वर्षांच्या संसारात नवराबायकोची घड्याळं जुळतात ती अशी.

वारा चढला की शेजारच्या साइटवरचा ऑपरेटर सगळ्यांच्या आधी ब्रेक सोडून खाली पळतो. मी नाही. वाऱ्याचा आकडा पिवळ्याचा लाल, म्हणजे थांबायलाच हवं असा, होईपर्यंत माझी क्रेन ताठ उभी. हे मी फुशारकीने लिहीत नाहीये. बरं, थोडं फुशारकीनेच लिहितोय. मला तिथे परत जायचंय. दुसरं काहीही नको आहे मला.

१२ फेब्रुवारी

कंपनीच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं होतं. त्यांच्या टेबलावर एक छोटा काटा, जमिनीवर एक मोठा, म्हणून मी त्यांना काटेबाई म्हणायचं ठरवलंय. बाई हुशार आहेत. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता? मी म्हटलं, दिवसाला शंभर-शंभर टन उचलतो. त्या म्हणाल्या, "उचलते ती क्रेन. तुम्ही खुर्चीत बसता."

हिशोब सोपा आहे म्हणाल्या. शरीर नुसतं जिवंत राहायला आणि हालचालीला काही कॅलरी खर्च करतं. माझ्यासारख्याचा तो खर्च दिवसाला साधारण अडीच हजार. त्याहून जास्त खाल्लं की वजन चढणार, कमी खाल्लं की उतरणार. मला दोन हजारांत बसवायचंय आणि रोज तासभर भरभर चालायचंय. अन्न आधी, चालणं त्याच्या जोडीला, असं त्यांनी दोनदा सांगितलं. जे तोंडात जाईल ते लिहायचं. मला लिहायची सवय आहेच, केबिनमध्ये रोज वारा आणि वजनं लिहायचो.

मी त्यांना आमच्या धंद्यातला पहिला नियमही सांगितला. माल उचलताना हुकाचं आणि साखळ्यांचं वजन धरूनच मोजायचं. नवशिके तेच विसरतात. काटेबाई हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हाला काही शिकवायला नको.

२ मार्च
वारा: नाही.

ही रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला येते. आम्ही नदीकाठच्या रस्त्याने जातो, पुलापाशी वळतो, बेकरीवरून परत. हिला इतकं बोलायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. तळमजल्यावरच्या म्हातारबुवांचं भांडण, लेकीच्या नोकरीच्या गावातली थंडी, आणि लग्नाच्या वर्षी आपण घेतलेली ती छत्री आठवते का, असं काहीही. मी हं हं करतो. पुलावरून क्रेनचा हात दिसतो. काडी तो झटके देऊन फिरवतो.

लेकीने मला एक मनगटी घड्याळ पाठवलंय, किती कॅलरी जळल्या ते सांगणारं. आज त्याने सहाशे दहा सांगितल्या. म्हणजे सहाशे दहा माझ्या खात्यात जमा. बेकरीतून बिस्किटांचा एक पुडा घेतला, त्यावर साडेचारशे लिहिलेलं होतं, तरीही वर शिल्लक उरली. चालण्यासारखी सोय नाही.

१९ मार्च

एकशे सहा पूर्णांक चार. चाळीसेक दिवस घाम गाळून मी चारशे ग्रॅमने भारी झालोय.

काटेबाईंनी वही मागितली, वाचली, आणि बिस्किटांवर बोट ठेवलं. मी घड्याळ पुढे केलं. त्या म्हणाल्या, ही घड्याळं उदार असतात, तासाच्या चालण्याचे तुमचे चारशे धरा, त्याहून जास्त नाही. आणि जळलेलं परत खायचं असेल तर चालायचं तरी कशाला, घरी बसा, बूट तरी वाचतील. घामाचंही विचारलं मी. घाम म्हणजे पाणी, एक तांब्या प्यायलो की वजन परत जागेवर.

मी रागावलो होतो, पण बाईंचं खरं होतं. कोठीत मी चहात किती साखर घालतो तेही त्यांनी काढून घेतलं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. ते मी लिहिलंच नव्हतं, चहा काय लिहायचा. येताना घड्याळाचा पट्टा सोडला आणि घड्याळ खिशात टाकलं.

११ एप्रिल

बिस्किटं बंद. साखर बंद. बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाण्याला वास, पण पितो. डब्यातला भात निम्मा केला. डाळ, भाजी, उकडलेली अंडी, एवढंच. वाटी मोजून वाढतो, हिलाही तसंच वाढायला लावतो. एकशे पाच झालोय.

एक मात्र आहे, भात निम्मा झाल्यापासून हिच्या हाताला काय चव आलीय. भाजी, डाळ, साधं दुधीचं सूप, सगळं कसं चकचकीत आणि घशाखाली अलगद उतरणारं. माझी जीभ उपाशी असल्यामुळे असं होत असणार. भुकेला सगळं गोड लागतं म्हणतात ते उगाच नाही.

हिचे गुडघे दुखतात बहुतेक. हल्ली कपडे गच्चीवर नेत नाही, खिडकीबाहेरच्या दांडीवरच वाळत घालते. चालताना मात्र माझ्यापुढे असते.

९ मे
वारा: जोराचा, पश्चिमेचा.

एकशे चार पूर्णांक तीन. इतकं सगळं सोडून महिन्याला पाऊण किलो. या गतीने पंच्याण्णव व्हायला पुढचं वर्ष उजाडेल. काटेबाई माझ्याकडे असं बघतात, जणू मी खोटं लिहितोय. मी खोटं लिहीत नाहीये. मी आयुष्यात कधी एवढं खरं लिहिलं नव्हतं.

दुपारी वाऱ्यामुळे काम थांबलं आणि शिट्टी कोठीत येऊन बसला. शिट्टी म्हणजे आमचा सिग्नलवाला, खालून रेडिओवर मला सांगायचा, हुक डावीकडे, सावकाश, थांब. नऊ वर्षं त्याचा आवाज माझ्या कानात आहे. तो म्हणाला, काडी चांगला आहे, पण त्याच्याशी बोलताना जीभ अडखळते. मला एकदम भरून आलं. मी त्याला पोतं सरकव म्हटलं, आणि विषय बदलायला वजनाचं गाऱ्हाणं सांगितलं.

त्याने डोकं खाजवलं. "कागदावर एक टन आणि हुकावर दीड, असं झालं की आपण काय करतो? माल खाली ठेवतो आणि बघतो, मधे कुणी काय टाकलंय."

मी म्हटलं, मधे कोण टाकणार, मी आणि ही, दोघंच तर आहोत घरात. तो चहा पिऊन गेला.

१ जून

रात्री स्वप्न पडलं की मी शिडी चढतोय आणि शिडी संपत नाही. आनंदाचं स्वप्न होतं. जाग आल्यावर वाईट वाटलं. हिला सांगितलं तर ती म्हणाली, अशी स्वप्नं बघू नका, दम लागेल.

८ जून, रविवार

हे कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी एकटाच चालायला निघालो, हिला डोकं जड वाटत होतं. पुलाच्या अलीकडेच बुटाची नाडी तुटली म्हणून परत फिरलो. दार लोटलेलं होतं. ही ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी. डाळीची दोन पातेली होती, एक हिचं, एक माझं छोटं. हिने माझ्या पातेल्यात लोण्याचा चमचा घातला. भरलेला. मग आणखी एक. विरघळेपर्यंत ढवळलं. भाजीतही तेवढंच. मग वरून कोथिंबीर पेरली, तवंग दिसू नये म्हणून.

मी तसाच जिना उतरलो. तुटकी नाडी बुटात खोचून पुलापर्यंत गेलो. माझं डोकं इतकं तापलं होतं की नदी दिसली नाही. एका मोठ्या चमच्याला शंभर कॅलरी, हे मला आता पाठ आहे. दोन डाळीत, एक-दोन भाजीत, रोज. कोठीतलं माझं सगळं उपाशी बसणं हिने चमच्याने परत भरलं होतं. आणि मी, हुकाचं वजन धरा म्हणून जगाला शिकवणारा, वाटी मोजत बसलो आणि वाटीत काय आहे ते कधी विचारलं नाही.

घरी येऊन जेवलो. लोणी जिभेला कळत होतं. हिने विचारलं, डाळ बरी झालीय का. मी म्हटलं, हो.

१० जून

दोन दिवस बोललो नाही. आज संध्याकाळी चालायला निघालो. पुलावर मी थांबलो आणि विचारलं, "मला वर जाऊ द्यायचं नाही का तुला?"

ही कठड्याला धरून उभी राहिली. नाकारेल असं मला वाटलं होतं. नाकारलं नाही.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "तुम्ही खाली आल्यापासून मी गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

मी म्हटलं, कपड्यांचं लक्षात आलं होतं.

"कपडे काढायला कोण जात होतं. क्रेन आपोआप फिरायला लागली की कळायचं, तुम्ही ब्रेक सोडलात, आता उतराल. मग हात कामाला लागायचा. ब्रेकचं तुम्हीच सांगितलं होतंत, क्रेनवर लागलात त्या वर्षी, फुशारकी मारताना. आधीच्या साइट दिसत नव्हत्या तेव्हा बरं होतं. या साइटने माझा जीव नुसता टांगून ठेवला. वारा सुटायचा, शेजारची क्रेन फिरायला लागायची, आणि तुमची तशीच ताठ. मी तिथे उभी. किती वेळ, कुणाला सांगू?"

ती पुढे म्हणाली की साहेबांनी काटा मांडला त्या दिवशी तिला देवच पावल्यासारखं वाटलं. माणूस जड असला की जमिनीवर राहील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि मी संध्याकाळी उजेडात घरी यायला लागलो, शेजारी चालायला लागलो, ते तिला हवंहवंसं झालं. याच गोष्टीसाठी इतकी वर्षं झुरत होते, म्हणाली.

मी म्हटलं, तू सांग, मी कोठीतच राहतो. मनापासून म्हटलं की नाही, हे मला आत्ता लिहितानाही सांगता येत नाही.

तिने मान हलवली. "कोठीतून तुम्ही अर्धेच घरी येता. माझ्याशी बोलताना सुद्धा मान वर, क्रेनकडे. अर्धा माणूस सांभाळून मी काय करू? उद्यापासून लोणी नाही."

परत येताना बेकरीपाशी तिने माझा हात धरला, रस्त्यात, लोकांसमोर. असं तिने कधी केलं नव्हतं.

६ जुलै

शंभर पूर्णांक नऊ. ही आता तेलाचा चमचा हातात उंच धरते आणि शिट्टीच्या आवाजात ओरडते, "एक चमचा, सावकाश, थांब." मी हसतो. जेवण बेचव झालंय, खरं सांगायचं तर. चालणं वाढवलंय, पूल ओलांडून पलीकडच्या वळणापर्यंत जातो. तिथून क्रेन दिसत नाही. त्या पट्ट्यात मी हिचं बोलणं नीट ऐकतो. छत्री आठवली मला. दांडा मोडका होता आणि दुकानदाराने आम्हाला फसवलं होतं.

एका आठवड्यात दोन किलो गेले तेव्हा मी नाचलो, काटेबाई म्हणाल्या, त्यातलं बरंचसं पुन्हा पाणीच. आता रोजचा आकडा बघत नाही, आठवड्याचाच बघतो.

१२ ऑगस्ट

सत्त्याण्णव. मधले दोन आठवडे काटा हलतच नव्हता. मी रात्रीचं जेवण टाकायचं ठरवलं तर ही पातेलं घेऊन समोर बसली. "काटेबाईंनी उपाशी राहायला सांगितलंय का? मग जेवा." जिने मला जड केलं तीच आता मला नियमाने हलकं करतेय. मी जेवलो. या आठवड्यात आकडा हलला.

२९ ऑगस्ट

चौऱ्याण्णव पूर्णांक सहा. साहेबांनी दोनदा काट्यावर चढवलं. बेल्ट, बूट, रेडिओ घालून नव्व्याण्णव पूर्णांक आठ. त्यांनी सही केली. काडीला शेजारच्या साइटवर काम मिळालंय, तो घाबरट ऑपरेटर गेला म्हणून. निघताना काडीने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, खुर्चीची उजवी बाजू करकरते, वंगण घातलंय.

घरी हिला सांगितलं. ही भांडी पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, बरं केलंत. मासे आणले नाहीत. मी आणले, आणि उकडून खाल्ले.

१५ सप्टेंबर
वारा: पश्चिमेचा, चढता. आकडा पिवळा.

आता केबिन चार मजले आणखी वर आहे. नदीचं दुसरं वळणही दिसतं. पहिल्या दिवशी वर पोचलो तेव्हा मी लहान मुलासारखा रडलो. इतके महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं मिळालं. आणि रोज संध्याकाळ होत आली की मला नदीकाठचा रस्ता आठवतो. क्रेन दिसत नाही तो पट्टा. वर बसून मला खालची ओढ लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दुपारनंतर वारा वाढला. लालला अजून अवकाश होता. शेजारी काडी काम करत होता. शिट्टी म्हणाला, "दोन खेपा आरामात होतील. तुझ्यासारखा माणूस असल्यावर तीन."

मी म्हटलं, आज नको. हुक वर घेतला, मोटर बंद केली आणि ब्रेक सोडला. क्रेनचा हात हळूहळू वाऱ्याबरोबर वळायला लागला. मी गच्चीकडे बघितलं. निळा ठिपका कठड्यापाशी होता. तो जागचा हलला नाही. शेजारची क्रेन अजून ताठ उभी होती, त्यामुळे तिचा विश्वास बसत नसावा. बराच वेळ ती तशीच बघत राहिली.

मग तिने दोरीवरचा पहिला कपडा काढला, आणि मी शिडीकडे वळलो.